नवेगावच्या रस्त्यावर मुरवलेले ब्रेक

"अहो, थांबवा! थांबवा म्हणून राहिली ना मी! तो बुढा पुन्हा धावून राहिला!"

मंदा ओरडत होती. मंदा म्हणजे माझी बायको. एरवी ती ओरडत नाही, नुसती बघते, आणि बघितलेला माणूस आपणहून सुधारतो. पण त्या दुपारी ती गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती आणि मी स्टिअरिंगला मिठी मारून तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतो, "थांबता येत नाही! मिस्त्रीनं बजावलंय! थांबलो तर जन्मभर गाडी कापेल!"

आरशात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक म्हातारा दिसत होता. काखेत गठुडं, पायात चपला, आणि चपलांसकट धावणं. आम्ही वेग वाढवत गेलो आणि तो आरशात लहान लहान होत शेवटी एका खिळ्याएवढा राहिला. तो खिळा अजून रुतलेला आहे.

हे घडलं गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधहून अर्जुनी मोरगावला जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्या सांगलीकडचं कुणी तिकडे जात नाही. "गोंदिया म्हणजे छत्तीसगडात ना?" असं मला इथल्या शिकल्यासवरल्या लोकांनी विचारलंय. तेव्हा जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि गेलो असून न गेल्यासारखाच परत आलेला एक माणूस आहे, त्याच्यासाठीही.

तिरोडा

तिरोडा ही माझी सासुरवाडी. सांगलीहून गाडीनं निघालात तर महाराष्ट्र संपेपर्यंत चालवायची, आणि संपला असं वाटलं की अजून थोडी चालवायची. नागपूर ओलांडलं की दोन गोष्टी होतात. जमिनीचा रंग बदलतो आणि बायकोची भाषा बदलते. भंडाऱ्याच्या पुलावर तिनं मला "कायले एवढी जोरात चालवून राहिले?" असं विचारलं, तेव्हा मी ओळखलं की आता पुढचे आठ दिवस मी परमुलखात आहे.

त्याच पुलावर ब्रेकनं पहिली किंकाळी मारली. पुढच्या चाकातून असा आवाज यायला लागला की वाटेत म्हशी आटल्या असतील. तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तोवर आमची चाहूल त्याच्याही पुढे पोहोचली होती. सासऱ्यांच्या दारात गाडी लावली तर मेव्हणा बाहेर येऊन म्हणाला, "भाऊजी, गाडी आणली का चक्की? दळण देऊ काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेलो. धान कापून झालं होतं, बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून, लाखोरीचं हिरवं पोपटी पीक वर आलं होतं. एका मोकळ्या बांधीत सासरे एका गोऱ्ह्याला जुवाची सवय लावत होते. एका बाजूला अनुभवी म्हातारा बैल, दुसऱ्या बाजूला हा तरणा गडी, आणि मागे ओढायला नुसता ओंडका. मी आपला सांगलीच्या रीतीनं लांबूनच हाळी दिली, "रामराम मामा! काय चाललंय?"

गोऱ्हा थबकला. मान वळवून माझ्याकडे बघत उभाच राहिला. बांधावरची चार माणसं माझ्याकडे अशी वळली की मी जणू देवळात शिंकलो.

"जावईबापू," सासरे म्हणाले, आणि एवढ्या गोड माणसाचा आवाज मी एवढा कोरडा कधी ऐकला नव्हता, "शिकत्या गोऱ्ह्याले कोणी हाक मारत नाही. आडवं जात नाही. मधात थांबला, का जन्मभर तिथंच थांबते तो."

आमच्याकडे नवा बैल जुंपला तर अख्खी गल्ली येऊन सल्ले देते, बैलालाही आणि मालकालाही. इथे अख्खा गाव श्वास धरून बाजूला उभा राहतो. त्यांनी गोऱ्ह्याला पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. मी तोंडात दुपट्टा कोंबल्यासारखा बांधावर बसून राहिलो. बोलायची सवय असलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

जेवायला भात. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि मध्ये कुणाकडे गेलं तर "भात खाल्ला काय?" असा प्रश्न. मी तिसऱ्या दिवशी भाकरीचं नाव काढलं तर सासूबाईंनी काळजीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पण नव्या चिन्नोर तांदळाचा भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ल्यावर मी सांगलीच्या जोंधळ्याशी बेईमानी केली हे कबूल करतो. चिन्नोर शिजायला लागला की वास शेजारच्या तालुक्यातली माणसं उठवतो. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर जाऊन वास घ्या.

गोंदिया

मेव्हण्यानं चक्की बघितली आणि मला गोंदियाला गुड्डू मिस्त्रीकडे पिटाळलं. गोंदिया शहरात मराठी बोललात तर लोक समजून घेतात आणि हिंदीत उत्तर देतात. गुड्डू मिस्त्री हा माझ्याच जातकुळीतला निघाला, म्हणजे थापाड्या. मी त्याला सांगितलं की आंबा घाटात ब्रेक गेले तेव्हा मी दार उघडून पायानं गाडी थांबवली होती. तो म्हणाला, "भैया, हमने तो चलती ट्रक का ब्रेक बदला है." मी हात जोडले. माणसानं हरलेलं ओळखावं.

पॅड पार संपले होते आणि डिस्कवर नांगरटीसारख्या रेघा पडल्या होत्या. त्यानं दोन्ही नवे टाकले. हात पुसत म्हणाला, "अब सुनो. नया डिस्क, नया पॅड. दोनों की अभी जान-पहचान नहीं है. पहचान करानी पड़ेगी. खाली रोड पकड़ो. साठ पे ले जाओ, आराम से दबाके दस पे लाओ. रुकना नहीं. फिर साठ. ऐसा आठ-दस बार. फिर ब्रेक को हाथ... मतलब पैर मत लगाओ, हवा खाने दो."

"आणि थांबलो तर?"

"गरम डिस्क पे पैर दबाके खड़े रहे, तो पॅड की छाप पड़ जाएगी. फिर जिंदगी भर गाड़ी काँपेगी. बिरसी का हवाई जहाज देखा है? सीखने वाले लड़के उड़ाते हैं. जमीन को छुआ, रुके नहीं, फिर ऊपर. वैसा."

बिरसीचं विमानतळ गोंदियाजवळच आहे. बरोबर आलेल्या बायकोला म्हटलं, बघूच. गेलो, आणि खरंच, भातशेतांवरून एक चिमुकलं विमान आलं, धावपट्टीला चाकं टेकवली आणि तसंच परत वर. मी भारावून गेलो. मंदा म्हणाली, "बिचारे. आलेबी नाही अन् गेलेबी नाही." मला तेव्हा हसू आलं होतं.

नवेगावबांध

रिकामा रस्ता हवा म्हणून आम्ही दक्षिणेकडे निघालो. तिकडे नवेगावबांधचा मोठा तलाव बघायचा आणि जाता जाता ब्रेक मुरवायचे असा बेत. लोणचं मुरतं तसे ब्रेक मुरतात, घाई केली की नासतात, असं मी मंदाला रस्ताभर समजावून सांगितलं. गुड्डूनं सांगितलेलं मी तोवर माझंच करून टाकलं होतं.

आता खरी हळहळ इथून सुरू होते. कोहमाऱ्याहून पुढचा रस्ता असा आहे की माणसानं दर शंभर पावलांवर उतरावं. जंगल, मग एकदम तळं, तळ्याच्या पाळीवर मोहाची झाडं, मग बांध्या, मग पुन्हा तळं. इथल्या कोहळी लोकांच्या पूर्वजांनी ही तळी बांधली. आमच्याकडे लोक विहीर खणून दमतात, यांनी समुद्र खणले. आणि मी हे सगळं साठावरून दहावर येताना आणि दहावरून साठावर जाताना बघितलं. एका बांधीत सारसांची जोडी उभी होती. माणसाएवढा उंच पक्षी, लालभडक मान. मंदानं माझा दंड धरला, "अहो, सारस!" मी दहावर आलो. नरानं मान उंच करून आमच्याकडे बघितलं. आणि मी साठावर गेलो. आयुष्यात एकदा सारस माझ्याकडे बघत होता आणि मी काट्याकडे बघत होतो.

रस्त्याकडेला एक बाई उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. गाडी हळू होते असं बघून तिनं ओंजळभर शिंगाडे पानावर काढले, उठून पुढे आली, आणि पान तसंच हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिली. तिनं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मंदाला आलं. तिनं मला ते अजून सांगितलेलं नाही.

मोठ्या तलावावर हजारो बदकं उतरली होती. कशी होती ते विचारू नका. मी पुढे गेलो, कारण जंगलात वळणं होती आणि मला सरळ पट्टा हवा होता.

तो सापडला अर्जुनीच्या अलीकडे. एका मोरीपासून पुढच्या वळणापर्यंत रस्ता आखणीच्या पट्टीसारखा सरळ. मधोमध एक फाटा, फाट्यावर बाभळीचं झाड आणि बाभळीखाली तो म्हातारा. इकडून साठावर निघालो की दहावर येणं नेमकं त्याच्यासमोर व्हायचं. मुद्दाम नव्हे, रस्त्याची मापंच तशी होती.

पहिल्यांदा गाडी हळू झाली तसा त्यानं हात वर केला. त्या भागात हळू होणाऱ्या गाडीचा एकच अर्थ होतो: बस. आमच्याकडे हमरस्त्यावर हात करून हात गळून पडला तरी कोणी थांबत नाही, तेव्हा माझ्या डोक्यात तो अर्थ आलाच नाही. तो गठुडं घेऊन धावत दाराशी आला, दाराच्या कडीला त्याचा हात लागलाही असेल, आणि मी गेलो. वळणापाशी रुंद जागा होती, तिथे न थांबता फिरलो आणि परत आलो. पुन्हा त्याच्यासमोर दहा. पुन्हा तो धावला. हीच ती वेळ, जेव्हा मंदा खिडकीतून लोंबकळत ओरडत होती.

मोरीवरून वळून आम्ही तिसऱ्यांदा आलो तेव्हा मंदानं माझा नाद सोडला आणि त्यालाच हाक मारून सांगितलं, "काकाजी! नवे ब्रेक हायेत! हे गाडीले शिकवून राहिले! झालं का घेतो तुमाले!"

म्हातारा जागच्या जागी उभा राहिला. त्यानं मान हलवली. आणि मग जे केलं ते मी या दोन डोळ्यांनी बघितलं आहे, यात माझ्या पदरचं काहीही नाही. त्यानं गठुडं बाभळीखाली ठेवलं, रस्त्यावर आला, आणि कडेला चरणाऱ्या चार गाई हुसकून बांधीत घातल्या. एक वासरू परत रस्त्याकडे यायला लागलं तर त्याच्या गळ्यातला दोर धरून उभा राहिला. आम्ही जात होतो, येत होतो, आणि तो आमचा रस्ता मोकळा ठेवत होता. मध्येच सायकलवरून कुणी आला तर त्यालाही हातानं थोपवत होता. मी मनात म्हटलं, बघ, याला म्हणतात दर्दी माणूस! सांगलीत मला असा प्रेक्षक कधी मिळाला नाही. मी आणखी चार फेऱ्या जास्त मारल्या.

मग ब्रेकला हवा खायला द्यायची म्हणून आम्ही लांबवर गेलो, निवांत परत आलो आणि बाभळीखाली थांबलो. चाकांतून गरम लोखंडाचा वास येत होता.

"झालं काय जी?" त्यानं विचारलं.

"झालं, काका! झकास झालं! कुठे सोडू?"

"अर्जुनी टेशन."

तो मागे बसला, गठुडं मांडीवर. नाव दयाराम. गाडीत चिन्नोरचा वास पसरला. मंदानं विचारलं, "काकाजी, कुठं जाऊन राहिले?"

"मी नाही जात, बाई. पोरगी जाऊन राहिली. हैदराबादले. जवाई तिकडं कामाले हाये. सासरी आली होती धानकापणीले, इकडं याले सवड नाही भेटली. टेशनावर ये म्हणे बाबा, दारात उभी राहतो. बस आली नाही आज."

"गाडी कधीची आहे?" मी विचारलं.

त्यानं सूर्याकडे बघितलं. "हेच टाइम."

अर्जुनी मोरगाव

पुढचं मी सांगलीच्या कट्ट्यावर बऱ्याचदा सांगितलं आहे. कट्ट्यावर सांगतो तेव्हा आम्ही वाऱ्यासारखे जातो, मी गाडी थेट फलाटावर चढवतो, गार्ड मला सलाम करतो आणि पोरगी बापाच्या गळ्यात पडते. लोकांना ती गोष्ट आवडते. मंदा त्या वेळी आत चहा टाकायला निघून जाते. इथे मात्र जसं झालं तसंच लिहितो.

वाऱ्यासारखे गेलो हे खरं. गावाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं आणि ते माझ्या नाकासमोर खाली आलं. मी ब्रेक दाबला. काय सांगू! गाडी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली. ना थरथर, ना किंकाळी, ना इंचभर इकडेतिकडे. असे ब्रेक अख्ख्या विदर्भात कुणाच्या गाडीला नसतील. आणि त्या उत्तम ब्रेकांवर पाय ठेवून मी उभा राहिलो आणि समोरून आगगाडी गेली.

डबे सावकाश जात होते, स्टेशन जवळच होतं. दयारामकाका खाली उतरून फाटकाच्या दांड्याला धरून उभे राहिले. एका डब्याच्या दारात एक बाई उभी होती, पदर वाऱ्यावर. ती पुढे, स्टेशनच्या दिशेला बघत होती. काकांनी हात वर केला, जसा आमच्यासाठी केला होता तसाच. डबा गेला.

"होती काय ती?" मंदानं विचारलं.

"असंन," ते म्हणाले.

फाटक उघडलं. फाटकवाल्याला मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही, आणि त्याचा काही दोषही नव्हता. स्टेशनात शिरलो तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. आमच्या गाडीमागे दोनदा धावलेला तो माणूस आगगाडीमागे धावला नाही. फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला. गठुडं काखेत होतंच. मग खिशातून बटणांचा फोन काढून लांब धरून बोलायला लागला, जणू पोरगी फोनच्या पलीकडे नाही, रुळांच्या पलीकडे होती.

"हो... नाही, पोचलो ना, थोडासाक उशीर झाला... तू दारात होती ना? हिरवं लुगडं?... हं, मग तूच... तांदूळ राहिला. राहू दे, पुढच्या टायमाले नेजो... पोळ्याले? बरं. बरं. खिडकीतून हात बाहेर काढू नको."

पोळा म्हणजे भाद्रपदाच्या तोंडावर. तेव्हा हिवाळा नुकता लागला होता.

मी म्हटलं, "काका, बसा गाडीत! पुढच्या स्टेशनावर, वडशाला गाठू! नाही गाठली तर हैदराबादला नेऊन देतो तांदूळ, रात्रीच्या जेवणाला शिजेल!" थापाड्याचं खरं बोलणंही थापेसारखंच ऐकू येतं, पण मी देवाशपथ गेलो असतो.

"नको जी," ते म्हणाले. "बैलाले पाणी पाजाचं राहिलं."

मंदानं गठुडं मागितलं, म्हणाली आम्ही पार्सलानं पाठवतो. त्यांनी ते दिलं नाही. मग स्टेशनबाहेर आम्ही चहा घेतला. चहाचे पैसे मी देत होतो तर त्यांनी माझा हात धरला आणि तिघांचा चहा स्वतः पाजला. पाहुणे होतो ना आम्ही त्यांच्या भागातले. आमच्याकडे अशा वेळी माणूस निदान दोन शिव्या तरी देतो, आणि त्या घेऊन समोरचा मोकळा होतो. इथे चहा देतात.

परतताना मी गाडी इतकी हळू चालवली की सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. त्या बाभळीच्या फाट्यावरून आत त्यांचं गाव. वाटेत एक तळं लागलं, पाण्यावर सारसांची जोडी होती, कदाचित तीच. मी गाडी थांबवली. आता थांबता येत होतं. कुणीच उतरलं नाही. थोड्या वेळानं मी पुन्हा गाडी सुरू केली.

त्यांच्या दारात मी त्यांना उतरवलं आणि रस्ताभर गिळलेला प्रश्न शेवटी बाहेर आला.

"काका, तुम्ही ओरडला का नाहीत? नुसतं म्हणाला असता, आगगाडी धरायची आहे, तर मी लगेच थांबलो नसतो का?"

दयारामकाकांनी गठुडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"तुमची गाडी शिकून राहिली होती ना जी."